कोयासान यात्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या वाकायामा प्रांतात, ओसाकाच्या दक्षिणेला, डोंगरांच्या कुशीत कोयासान आहे. शिंगोन या मंत्रमार्गी बौद्ध पंथाचं हे मूळ पीठ. २००४ मध्ये की पर्वतरांगेतली तीर्थं आणि यात्रामार्ग जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यात कोयासानही आहे. निघण्याआधी लोक जे विचारतात आणि तिथे गेल्यावर जिथे अडतात, ते इथे एकत्र केलं आहे.

कोयासान म्हणजे कोणता डोंगर? शिखर चढावं लागतं का?

नाही. ‘सान’ म्हणजे पर्वत, हे खरं. पण यात्रेकरू ज्याला कोयासान म्हणतात ती सुमारे ८०० मीटर उंचीवरची एक सपाट खोलगट जागा आहे. भोवती आठ शिखरं आहेत आणि ती कमळाच्या आठ पाकळ्या मानली जातात. मध्ये एक लांबट गाव आहे. त्यात ११७ मंदिरं, शाळा, विद्यापीठ, डाकघर, दुकानं असं सगळं आहे. शिंगोन परंपरेत हा संपूर्ण डोंगरच एका मंदिराचं आवार समजला जातो. त्यामुळे ‘मंदिर कुठे आहे?’ असं विचारलंत, तर तुम्ही मंदिरातच उभे आहात असं उत्तर मिळू शकतं.

दोन ठिकाणं मुख्य आहेत. पश्चिमेला दान्जो गारान हा मूळ मंदिरसमूह आणि पूर्वेला ओकुनोइन हे समाधिस्थान. बाकीचा सगळा वेळ या दोहोंच्या हिशेबाने लावावा.

कूकाई म्हणजेच कोबो दाइशी का? आणि ते ‘अजून तिथे आहेत’ म्हणजे काय?

हो, एकच. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई यांचा जन्म ७७४ चा, शिकोकू बेटावरचा. ८०४ मध्ये ते चीनला गेले. चांगआन नगरात आचार्य हुइग्वो यांच्याकडून त्यांनी मंत्रयानाची दीक्षा घेतली आणि त्याच नगरात प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले. ८०६ मध्ये ते परतले. सम्राट सागा यांनी ८१६ मध्ये त्यांना हा डोंगर दिला. ‘कोबो दाइशी’ ही पदवी त्यांना मागाहून, ९२१ मध्ये मिळाली.

८३५ च्या तिसऱ्या चांद्रमासाच्या २१ व्या दिवशी ते ‘न्यूजो’ झाले. या शब्दाचा अर्थ ‘वारले’ असा लावू नका. मराठी वाचकाला तो समजवायला आळंदीचा एकच शब्द पुरतो: संजीवन समाधी. ओकुनोइनच्या गाभाऱ्यात ते ध्यानस्थ बसले आहेत, अशी इथली श्रद्धा आहे. म्हणून त्यांच्यासाठी आजही रोज दोन वेळा, सकाळी ६ आणि १०:३० वाजता, जेवण नेलं जातं. पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू पांढऱ्या लाकडाची पेटी खांद्यावर घेतात. पेटी आधी जिझो या बोधिसत्त्वाच्या एका छोट्या मूर्तीपुढे ठेवतात. या मूर्तीचं नाव ‘चव घेणारा जिझो’. त्यानंतर ते पुलावरून आत जातात.

इथलं सगळं वागणं यावरूनच ठरतं. टोपी काढायची, आवाज खाली ठेवायचा, कॅमेरा पिशवीत टाकायचा, कारण आत कोणीतरी आहे. एवढं लक्षात राहिलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

ओसाकाहून कसं जायचं?

नांबा स्थानकातून नांकाई कंपनीच्या कोया मार्गाची गाडी पकडा आणि गोकुराकुबाशी या शेवटच्या स्थानकावर उतरा. थेट जाणारी विशेष जलद गाडी सुमारे ८० मिनिटं घेते. तिला आरक्षण आणि जादा तिकीट लागतं. साध्या जलद गाडीने गेलात तर बहुतेक वेळा हाशिमोतोला गाडी बदलून पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. हाशिमोतोच्या पुढे रूळ डोंगरात शिरतात, वळणं तीव्र होतात आणि गाडी रांगत चालते.

गोकुराकुबाशीला त्याच इमारतीतून केबल कार आहे. हा रोपवे नव्हे. रुळांवरून दोराने ओढली जाणारी ही गाडी आहे. ती ५ मिनिटांत ३२८ मीटर उंची चढवते. वर कोयासान स्थानक आहे आणि तिथून बसनेच गावात जायचं. हा रस्ता फक्त बससाठी राखीव असल्याने त्यावरून पायी जाता येत नाही. बरेच जण नकाशात अंतर कमी पाहून चालायला निघतात आणि परत फिरतात. चालायचंच असेल तर केबल कार सोडा आणि गोकुराकुबाशीहून जुन्या फुदोझाका वाटेने वर या. ती वाट थेट न्योनिन्दो या स्त्रियांच्या दालनापाशी पोचते. चढ खडा आहे, तास-सव्वा तास धरा.

इथे हमखास चुका होतात. जेआर म्हणजे जपान रेल्वेचा पास नांकाईच्या गाड्यांना चालत नाही. जेआरने फार तर हाशिमोतोपर्यंत येता येतं. दुसरं म्हणजे, रेल्वेप्रवास आणि वरच्या बसचं मिळून एक सवलतीचं तिकीट नांकाई विकते. ते निघण्याआधीच घ्यायचं असतं, वर पोचल्यावर त्याचा उपयोग नाही. तिसरं पावसाचं. वादळी पावसात किंवा दरड कोसळल्यावर हा डोंगरी रूळमार्ग बंद राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरात जात असाल तर कोयासानच्या दुसऱ्याच दिवशी विमान ठेवू नका.

दिवसभरात जाऊन परत येता येईल का?

येईल. सकाळी ८ ला नांबाहून निघालात तर १० च्या सुमारास वर पोचाल आणि ५ पर्यंत फिरता येईल. तरी आमचं स्पष्ट मत आहे की एक रात्र राहा. दिवसभराचे पर्यटक संध्याकाळच्या गाडीने उतरतात आणि त्यानंतर गाव शांत होतं. ओकुनोइनची वाट रात्रीही उघडी असते, दगडी दिवे पेटलेले असतात. पहाटे प्रत्येक मंदिरातून पठण ऐकू येतं. एका दिवसात येणाऱ्याच्या वाट्याला नेमकं हेच येत नाही.

मंदिरात मुक्काम करायचा म्हणजे नेमकं काय?

याला शुकुबो म्हणतात. सुमारे ५० मंदिरं पाहुणे ठेवतात. दोन जेवणांसह माणशी साधारण १२ ते २५ हजार येन पडतात, जुन्या बागेकडची खोली असेल तर त्याहून जास्त. शरद ऋतूतली पानगळ, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि ऑगस्टचा मध्य यांचं आरक्षण काही महिने आधी करावं लागतं.

वेळा हॉटेलसारख्या सैल नसतात. दुपारी ३ ते ५ च्या दरम्यान पोचायचं. जेवण साडेपाच-सहाला वाढलं जातं. तुम्ही साडेसहाला पोचलात तर ते थांबत नाही, कारण स्वयंपाक करणारे आणि वाढणारे बहुतेक त्याच मंदिरातले भिक्षू असतात आणि त्यांना पहाटे उठायचं असतं. स्नानगृह सामाईक असतं, स्त्री-पुरुषांचं वेगळं, आणि रात्री ९ च्या सुमारास बंद होतं. टाकीत उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मग गरम पाण्यात नुसतं बसायचं. कपडे घालून उतरायचं नाही.

खोलीत तातामी चटई, जमिनीवर गादी आणि कागदी सरकती दारं. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं, त्यामुळे ९ नंतर फोनवर मोठ्याने बोलणं टाळा. तातामीवर सपाता चालत नाहीत, चाकांची बॅगही ओढायची नाही, उचलून न्यायची. स्वच्छतागृहाच्या सपाता वेगळ्या असतात. त्याच घालून बाहेर येणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

सकाळी ६ किंवा साडेसहाला प्रार्थना असते, ती अर्धा-पाऊण तास चालते. सक्ती नसते, पण चुकवू नका.

पहाटेच्या प्रार्थनेत काय म्हणतात? मला काही कळेल का?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त कळेल. यातले मंत्र म्हणजे चिनी लिपीतून जपानी जिभेवर आलेलं संस्कृत आहे. कान लावून ऐका. ‘ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ हारासो ग्यातेइ बोजी सोवाका’ असं कानावर येईल. ते ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’ आहे, प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा शेवट. ‘ओन आबोग्या बेइरोशानो’ ने सुरू होणारा प्रकाशमंत्र म्हणजे ‘ॐ अमोघ वैरोचन महामुद्रा मणि पद्म ज्वाल प्रवर्तय हूँ’. ‘नामू दाइशी हेन्जो कोंगो’ हे मात्र कूकाईंचं नाम आहे. यात्रेकरू वाटेत, पुलावर, समाधीपुढे तेच म्हणतात. ‘नामू’ म्हणजे आपलं ‘नमो’.

काही शुकुबोंत प्रार्थनेनंतर ‘गोमा’ असतो. गोमा म्हणजे होम. अग्निकुंडात आहुती टाकत आचार्य मंत्र म्हणतात. आधी काही शे येन देऊन एक लाकडी पट्टी घ्यायची, तिच्यावर नाव आणि इच्छा लिहायची. ती अग्नीत जाते. देवनागरीत लिहिलंत तरी हरकत नसते. आगीच्या ठिणग्या आणि धूर असतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी दारापाशी बसावं.

शाकाहारी जेवणाची काळजी करायची का? कांदा-लसूण?

शुकुबोत काळजी नको. तिथलं जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी. त्यात मांस, मासे, अंडी नसतात आणि कांदा, लसूण, पात असे उग्र वासाचे पदार्थही नसतात. सूप आणि रस्से समुद्री शेवाळ (कोम्बू) व सुक्या अळंब्यांच्या पाण्यावर करतात. दोन पदार्थ खास इथले आहेत. एक कोयादोफू: टोफू गोठवून वाळवतात आणि मग गोड-खारट रसात शिजवतात. तो स्पंजसारखा लागतो आणि चावला की रस सुटतो. दुसरा गोमादोफू. नावात टोफू असला तरी त्यात सोयाबीन नसतं. तिळाचं दूध आणि कुडझू नावाच्या कंदाचं सत्त्व सतत घोटून केलेली ही मऊ वडी असते.

जैन यात्रेकरूंनी मात्र आधीच कळवावं. मुळा, गाजर, कमळकंद, रताळं असे जमिनीखालचे पदार्थ जेवणात हमखास असतात. आरक्षण करतानाच ‘जमिनीखाली वाढणारी भाजी नको’ असं लिहून द्या, ऐनवेळी बदल होत नाही. गव्हाची ॲलर्जी असेल तर सोयसॉसबद्दलही तेव्हाच विचारा.

खरी फसगत दुपारी होते. गावातल्या साध्या खाणावळीत उदोन किंवा सोबा या शेवयांच्या रश्शाला बोनितो माशाचा अर्क असतो, वर भाज्याच दिसत असल्या तरी. ‘मांस नाही’ म्हणजे ‘मासा नाही’ असं तिथे गृहीत धरलं जात नाही. दुपारीही शोजिन जेवण देणारी ठिकाणं शोधा किंवा डबा जवळ ठेवा. आणि शुकुबोत ‘हान्न्यातो’ विचारलं तर ती साके, म्हणजे तांदळाची दारू आहे. नावाचा अर्थ ‘प्रज्ञेचं गरम पाणी’ असा होतो, काढा समजून मागवू नका.

ओकुनोइनला कुठून सुरुवात करायची?

इचिनोहाशी, म्हणजे पहिल्या पुलापासून. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण निम्मे लोक चुकतात. ‘ओकुनोइन-माए’ नावाच्या बस थांब्यावर उतरलं की समाधी जवळ पडते, पण तो नवा भाग आहे. जुनी वाट ‘इचिनोहाशी-गुची’ थांब्यापासून सुरू होते. तिथून समाधीपर्यंत २ किलोमीटर, शेकडो वर्षांच्या सुगी (जपानी देवदार) वृक्षांखालून. दोन्ही बाजूंना २ लाखांहून जास्त समाध्या आणि स्मारकं आहेत. ओदा नोबुनागा, ताकेदा शिंगेन आणि त्याचा वैरी उएसुगी केन्शिन या सोळाव्या शतकातल्या सरदारांचीही स्मारकं इथेच आहेत. येताना हवं तर नव्या भागातून बस पकडा.

वाटेवरच्या दगडी स्मारकांकडे एकदा थांबून नीट बघा. पाच दगड एकावर एक रचलेले दिसतील: खाली चौकोनी ठोकळा, त्यावर गोळा, त्यावर उतरत्या छपरासारखा दगड, त्यावर अर्धचंद्राची वाटी आणि टोकाला मण्यासारखी कळी. ही पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश आहेत. शेवाळ आड येत नसेल तर प्रत्येक दगडावर सिद्धम् लिपीतलं एकेक अक्षर सापडेल: खालून वर अ, व, र, ह, ख. सिद्धम् आणि देवनागरी एकाच ब्राह्मी घराण्यातल्या आहेत. पाच महाभूतांचा हा क्रम तुम्ही लहानपणी ऐकलेलाच आहे.

पुढचा क्रम असा. पहिल्या पुलावर हात जोडून मान लववायची. शेवटच्या पुलाआधी उजव्या हाताला पाण्याच्या काठाने जिझो आणि इतर मूर्ती उभ्या आहेत. पळीने मूर्तीवर पाणी घालून गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतात. मग गोब्योनोहाशी हा पूल. याच्या ३६ शिळा आणि सबंध पूल मिळून वज्रधातू मंडलाच्या ३७ देवता मानतात (शिंगोनची दोन मुख्य मंडलं म्हणजे वज्रधातू आणि गर्भधातू). इथे टोपी काढा, पुन्हा नमस्कार करा. पुलापलीकडे छायाचित्रं नाहीत, खाणं-पिणं नाही, धूम्रपान नाही.

समोर दीपगृह, तोरोदो, दहा हजारांहून जास्त दिव्यांचं. दर्शन तिथेच संपलं असं समजून बरेच जण परत फिरतात. समाधी त्याच्या मागे आहे. इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्याशिवाय परतू नका. तिथे मेणबत्ती, उदबत्ती लावायची आणि शांत उभं राहायचं. दीपगृह सकाळी ६ ते संध्याकाळी ५ उघडं असतं.

६ चा नैवेद्य पाहायचा असेल तर शुकुबोतली प्रार्थना चुकते. दोन्ही साधायचं असेल तर १०:३० चा पाहा.

दान्जो गारान आणि कोंगोबुजीला किती वेळ द्यावा?

दोन्ही मिळून तीन तास. गारानमधला लाल महास्तूप, कोम्पोन दाइतो, ४८.५ मीटर उंच आहे. सध्याची इमारत १९३७ ची. आत मधोमध गर्भधातू मंडलातले महावैरोचन बसले आहेत आणि भोवती वज्रधातूचे चार बुद्ध. खांबांवर बोधिसत्त्व रंगवले आहेत. म्हणजे तुम्ही मंडलाचं चित्र पाहत नाही, मंडलाच्या आत उभे असता. म्हणून घाईने एक फेरी मारून बाहेर पडू नका. आत छायाचित्रं काढता येत नाहीत.

बौद्ध मंदिरात नुसते हात जोडायचे, टाळ्या वाजवायच्या नाहीत. मात्र गारानमध्येच पश्चिमेला स्थानिक देवतांचं शिंतो देवस्थान आहे. तिथे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकायचं.

कोंगोबुजी हे पंथाचं मुख्यालय. तिथली बान्र्‍युतेइ ही दगड-वाळूची बाग २,३४० चौरस मीटरची, शिकोकूहून आणलेल्या १४० ग्रॅनाइट शिळांची. ढगांच्या समुद्रातून वर येणारे दोन ड्रॅगन त्यात पाहायचे असतात. तिकीट १,००० येन. साडेचारनंतर आत सोडत नाहीत.

जुन्या वाटेने पायी जायचं असेल तर?

ती वाट चोइशी-मिची. कुदोयामा स्थानकावर उतरा, तिथून जिसोन-इन मंदिर अर्ध्या तासाच्या आत. स्त्रियांना वर मनाई होती तेव्हा कूकाईंच्या आई तिथे राहिल्या. मुलगा महिन्यातून नऊ वेळा भेटायला उतरे, म्हणून गावाचं नाव कुदोयामा, म्हणजे ‘नऊ वेळांचा डोंगर’, अशी कथा सांगतात.

तिथून गारानपर्यंत १८० दगडी खांब आहेत, दर १०९ मीटरवर एक, म्हणजे साधारण २० किलोमीटर. खांबांवरचे आकडे उतरत जातात, त्यामुळे किती राहिलं ते कायम कळतं. ६ ते ७ तास लागतात. पहिला टप्पा आणि दाइमोन महाद्वाराआधीचा शेवटचा टप्पा दमवतो, मधली वाट बरीचशी सपाट आहे. पाण्याची सोय साठाव्या खांबाजवळच्या यादाते इथे आहे, त्याआधी भरवसा धरू नका. माणशी दीड लिटर जवळ हवं. नोव्हेंबरात ५ च्या आधीच अंधारतं, तेव्हा सकाळी ८ च्या आत निघा. पाय बोलू लागले तर यादातेहून खाली की-होसोकावा स्थानकाला उतरता येतं. रानात अस्वलं आहेत, पिशवीला घंटी बांधा. मोठी बॅग आदल्या दिवशीच सामान-सेवेने शुकुबोला पाठवून द्या.

स्त्रियांना आता कुठे मनाई आहे का?

कोयासानवर नाही. सरकारने १८७२ मध्ये बंदी उठवली. प्रत्यक्षात डोंगर पूर्ण मोकळा व्हायला विसावं शतक उजाडलं. तोवर स्त्रिया प्रवेशद्वारांशी असलेल्या दालनांपर्यंतच येत आणि डोंगराच्या कडेकडेने फिरून लांबूनच दर्शन घेत. त्या सात दालनांपैकी एकच, न्योनिन्दो, उभं आहे. गावात शिरताना तिथे पाच मिनिटं थांबावं असं आम्हाला मनापासून वाटतं. याच वारसास्थळातल्या ओमिने पर्वताच्या सान्जोगाताके शिखरावर मात्र बंदी अजून पाळली जाते. पुढे तिकडे जाण्याचा बेत असेल तर हे आधी ठाऊक हवं.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. विद्यापीठ गावातच, मुख्य रस्त्यापासून जवळ आहे.

केव्हा जावं आणि कपडे कोणते?

ओसाकापेक्षा ५-६ अंश थंड, हे धरून चाला. पानांचे रंग ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी ओकुनोइनच्या वाटेवर मेणबत्त्या लावतात. १५ जूनला कूकाईंचा जन्मोत्सव. डिसेंबर ते मार्च तापमान शून्याखाली जातं आणि ओकुनोइनचे दगड बर्फाने निसरडे होतात. बुटांना लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या जवळ असू द्या. मोजे चांगले, न फाटलेले आणि जाड घ्या. बूट दिवसातून दहा वेळा काढावे लागतात आणि मंदिरांच्या लाकडी ओसऱ्या पायाला बर्फासारख्या लागतात.

आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, थोडं आखून. जमिनीवर बसणं-उठणं जमत नसेल तर जेवणाला खुर्ची आणि झोपायला पलंग आरक्षणातच मागा. काही शुकुबोंत तशा खोल्या आहेत. खोलीला जोडून स्वच्छतागृह आहे का तेही विचारा, कारण रात्री थंड ओसरीवरून जाणं त्यांना जड जातं. ओकुनोइनला त्यांच्यासाठी ओकुनोइन-माए थांब्याची वाट बरी, ती छोटी आणि फरसबंद आहे. दीपगृहाला मात्र पायऱ्या आहेत. रोख रक्कम ओसाकातच काढून ठेवा, कारण कार्ड सगळीकडे चालत नाही. बसच्या वेळापत्रकाचा फोटो वर पोचताच स्थानकावर काढून घ्या.